थांबायचे कुठे हे जाणणारा किरण

(केळझर, जि. वर्धा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सिद्धिविनायकाच्या या गावात बोलण्याची संधी मिळाली, याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. महाभारतातील एकचक्रा नगरी ती हीच, अशी या परिसराची पूर्वापार श्रद्धा आहे. बकासुराची कथा आपणांपैकी प्रत्येकाने आजीच्या मांडीवर ऐकली आहे. रोज एका घरावर पाळी येई आणि त्या घरातील एक माणूस जाई. भीमाने बकासुराला मारले हे सर्वांच्या लक्षात राहते. पण त्याआधीची गोष्ट आपण विसरतो. ज्या घरात पांडव उतरले होते तेथे रडण्याचा आवाज आला आणि कुंती आत जाऊन विचारती झाली, ‘‘काय झाले?’’ पराक्रमाचा आरंभ त्या प्रश्नात आहे.

आज आपल्या गावागावांत अशीच एक पाळी येते. तिचे नाव कर्करोग. आजच्या व्याख्यानाचा विषय या रोगावरील एक अत्याधुनिक उपचार आणि त्याचा पाया घालणाऱ्या एका डॉक्टरचे आयुष्य हा आहे. मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार. जाणकारांना विचारावे, वाचावे, आणि समजले ते आपल्या माणसांना आपल्या भाषेत सांगावे, एवढाच माझा अधिकार.

‘प्रोटॉन थेरपी’ हा शब्द आता वर्तमानपत्रांतून आपल्यापर्यंत पोहोचला आहे. रुग्णाचे नातेवाईक विचारतात, ‘‘साहेब, ती नवी मशीन आहे म्हणतात. शेत विकू, पण तिथेच नेऊ का?’’ या प्रश्नात माया आहे, भीती आहे आणि चार एकर जमीनही आहे. म्हणून त्याचे उत्तर भावनेच्या भरात देऊन चालणार नाही. ते नीट द्यायचे तर आधी हा उपचार काय आहे आणि तो कसा घडला, हे समजून घ्यावे लागेल.

कर्करोगाच्या गाठीवर किरणांचा मारा करणे, ज्याला आपल्याकडे बोलीत ‘शेक देणे’ म्हणतात, ही शंभर वर्षांहून जुनी पद्धत आहे. १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि थोड्याच काळात डॉक्टरांनी ते रोगावर वापरून पाहिले. अडचण एकच होती. क्ष-किरण शरीरात शिरतो तो वाटेत सर्वांना चटका देत जातो, गाठीवर पोहोचतो आणि गाठ ओलांडून पलीकडेही जातो. पॅसेंजर गाडीसारखे आहे हे. प्रत्येक स्थानकावर थोडे थोडे प्रवासी उतरतात, आणि आपले गाव मागे पडले तरी गाडी पुढे धावतच राहते.

प्रोटॉनचे वागणे वेगळे. प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनच्या अणूचा गाभा. त्याला वजन आहे, विद्युतभार आहे. वेगात असताना तो वाटेतल्या पेशींना फारसे काही देत नाही; जसजसा वेग मंदावतो तसतशी त्याची ऊर्जा अधिकाधिक सांडते, आणि थांबण्याच्या क्षणाआधी तो जवळजवळ सर्वस्व देऊन मोकळा होतो. त्यापुढे काही नाही. ही मुंबईहून सुटलेली आणि वर्ध्यालाच संपणारी जलद गाडी. मधल्या स्थानकांवर मोजकी माणसे उतरली, बाकी सारी वर्ध्याला. विल्यम ब्रॅग या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी अशा जड कणांचा हा गुण ओळखला, म्हणून त्याला ‘ब्रॅग शिखर’ म्हणतात. प्रोटॉनला किती वेग द्यायचा हे ठरवले की तो किती खोलवर थांबेल हेही ठरते. प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे साठ टक्के वेग दिला, तर तो शरीरात तेहतीस सेंटिमीटरच्या आसपास जाऊन थांबतो.

आता या कणांना रुग्णाच्या उशाशी आणणाऱ्या माणसाकडे येतो. त्यांचे नाव डॉ. जॉन लॉरेन्स. जन्म ७ जानेवारी १९०४, अमेरिकेतील साउथ डाकोटा प्रांतातल्या कँटन या लहान गावी. थोरले बंधू एर्नेस्ट भौतिकशास्त्रज्ञ झाले. जॉन यांनी वैद्यकाची वाट धरली आणि १९३० मध्ये हार्वर्डमधून ते डॉक्टर झाले. त्याच सुमारास एर्नेस्ट यांनी कॅलिफोर्नियातील बर्कले येथे ‘सायक्लोट्रॉन’ हे यंत्र घडवले. विद्युतभारित कणांना चुंबकाच्या साहाय्याने गोल फिरवत, प्रत्येक फेरीला धक्का देत, प्रचंड वेग द्यायचा, ही त्याची कल्पना. पहिले यंत्र तळहातावर मावेल एवढे होते. त्याच कार्यासाठी १९३९ मध्ये एर्नेस्ट यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

थोरल्या भावाचे यंत्र अणूचे अंतरंग उलगडण्यासाठी होते. धाकटा भाऊ तेथे आला तो डॉक्टरची नजर घेऊन. १९३५ मध्ये जॉन बर्कलेला आले तेव्हा त्यांना पहिला प्रश्न पडला तो असा की, या यंत्राभोवती दिवसरात्र वावरणाऱ्या माणसांचे काय? सायक्लोट्रॉनमधून न्यूट्रॉन कण बाहेर पडत होते आणि शास्त्रज्ञ बेफिकीर होते. जॉन यांनी एक उंदीर यंत्राजवळ ठेवला. थोड्या वेळाने पाहतात तो उंदीर मेलेला! सारी प्रयोगशाळा हादरली. पुढे कळले, उंदीर किरणांनी नव्हे तर हवेचा पुरवठा बंद राहिल्यामुळे गुदमरून मेला होता. पण त्या धसक्याने यंत्राभोवती संरक्षक आडोसे उभे राहिले, आणि त्यानंतरच्या शिस्तशीर प्रयोगांनी ती काळजी योग्यच होती हे दाखवून दिले. उपचार शोधण्यापूर्वी या डॉक्टरने अपाय मोजला, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

१९३६ च्या अखेरीस जॉन यांनी सायक्लोट्रॉनमध्ये तयार केलेला किरणोत्सर्गी फॉस्फरस रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला दिला. कृत्रिमरीत्या निर्माण केलेले किरणोत्सर्गी द्रव्य माणसाच्या रोगावर वापरण्याचा तो आरंभ होता. रक्तातील तांबड्या पेशी बेसुमार वाढण्याच्या एका विकारावर त्या फॉस्फरसचा चांगला उपयोग झाला. अणुवैद्यक ही वैद्यकाची शाखा जगभर उभी राहिली, तिच्या जनकांमध्ये जॉन लॉरेन्स यांचे नाव घेतले जाते ते यामुळे.

पुढच्याच वर्षी परीक्षा घरात आली. १९३७ मध्ये लॉरेन्स बंधूंच्या आईला कर्करोगाचे निदान झाले. नामवंत डॉक्टरांनी काही महिन्यांचीच मुदत दिली. मुलांनी आईला सॅन फ्रान्सिस्कोला नेले. तेथे डॉ. रॉबर्ट स्टोन यांच्याकडे दहा लाख व्होल्टच्या दर्जाचे क्ष-किरण यंत्र होते, आणि ते बर्कलेच्याच प्रयोगशाळेत विकसित झालेल्या तंत्रावर चालत होते. उपचार कष्टाचे होते. पण माउली बरी झाली आणि पुढे कित्येक वर्षे जगली.

मंडळी, आईचे प्राण किरणांनी वाचलेले पाहिल्यावर कोणत्याही मुलाचा किरणांवरचा विश्वास शतगुणित होणार. १९३८ पासून जॉन लॉरेन्स आणि रॉबर्ट स्टोन यांनी सायक्लोट्रॉनमधील न्यूट्रॉनचा मारा कर्करोगावर सुरू केला. असाध्य अवस्थेतील रुग्ण आशेने येत. दोनशेहून अधिक जणांवर उपचार झाले. काहींच्या गाठी विरघळल्या. मग महायुद्ध आले, यंत्र युद्धकार्याकडे वळले आणि उपचार थांबले.

युद्धानंतर स्टोन यांनी काय केले? जे रुग्ण हयात होते त्यांना त्यांनी पुन्हा तपासले, त्यांच्या नोंदी काढल्या. त्यांना दिसले की, उपचारानंतर काही वर्षांनी निरोगी ऊतींची भयंकर हानी झाली होती. त्वचा कडक झाली होती, जखमा भरत नव्हत्या. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो. ठरावीक खोलीवर थांबण्याचा गुण त्याच्यात नाही, आणि पेशींवरचा घाव मात्र क्ष-किरणांपेक्षा कितीतरी जबर. १९४८ मध्ये स्टोन यांनी भर सभेत स्वतःच्या कामाविरुद्ध निष्कर्ष मांडला. थोड्या रुग्णांना झालेल्या लाभाच्या मानाने हानी फार मोठी आहे, हे उपचार पुढे चालवू नयेत.

मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत उंच क्षण हा वाटतो. कीर्ती दारात असताना, रुग्ण रांगेत असताना ‘थांबा’ म्हणणे. आपल्याकडे विद्येबरोबर विवेक यावा असे म्हणतात, तो हाच विवेक.

त्याच सुमारास दुसरी वाट उघडली होती. एर्नेस्ट लॉरेन्स यांचे शिष्य रॉबर्ट विल्सन युद्धकाळात अणुबॉम्बच्या प्रकल्पात लॉस अलामोस येथे काम करीत होते. बॉम्बने काय केले ते जगाने पाहिले. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, याच विल्सन यांनी एक छोटा निबंध लिहिला. वेगवान प्रोटॉन शरीरात हव्या त्या खोलीवर थांबवता येतील, मग ते रोगावर का वापरू नयेत, हा त्याचा गाभा. ज्या विद्येने संहार घडवला तिलाच रुग्णसेवेला जुंपण्याचा तो प्रस्ताव होता.

तो प्रस्ताव प्रत्यक्षात आणला जॉन लॉरेन्स आणि त्यांचे सहकारी, जीवभौतिकशास्त्रज्ञ कॉर्नेलियस टोबायस यांनी. घाई मात्र केली नाही. न्यूट्रॉनचा धडा ताजा होता. अनेक वर्षे प्राण्यांवर प्रयोग झाले आणि १९५४ मध्ये बर्कले येथे माणसावर प्रथम प्रोटॉन वापरला गेला. स्तनाचा कर्करोग शरीरभर पसरलेल्या स्त्रियांच्या मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युइटरी ग्रंथी हे पहिले लक्ष्य होते. कारण तिच्यातून उत्पन्न होणारी संप्रेरके त्या कर्करोगाला पोसतात, आणि कवटीत तिची जागा नेमकी सांगता येते. पुढे १९५७ पासून तेथे हेलियमच्या कणांचा वापर सुरू झाला.

येथे एक बारकावा सांगण्यासारखा आहे. या पहिल्या उपचारांत किरण गाठीशी थांबवला नव्हता. तो आरपार जाऊ दिला होता आणि अनेक दिशांनी फिरवून ग्रंथीवर एकवटवला होता. असे का? किरण थांबवता येत होता, पण नेमका कुठे थांबवायचा ते दिसत नव्हते! काही मिलिमीटरची चूकही मेंदूत महागात पडते. शरीराच्या आत डोकावणारे ‘सीटी स्कॅन’ १९७० च्या दशकात आले, संगणक आले, आणि तेव्हा कुठे थांबणाऱ्या किरणाचा गुण पुरता वापरता येऊ लागला. बाण हातात असणे वेगळे आणि लक्ष्य दिसणे वेगळे.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथे डॉ. जेम्स स्लेटर यांच्या प्रयत्नांनी रुग्णालयाच्याच आवारात पहिले प्रोटॉन केंद्र सुरू झाले. त्यासाठीचे यंत्र बांधले ‘फर्मीलॅब’ या प्रयोगशाळेने. आणि त्या प्रयोगशाळेचे पहिले संचालक होते रॉबर्ट विल्सन. १९९४ मध्ये जपानने चिबा येथे प्रोटॉनपेक्षा बारापट जड असलेल्या कार्बन कणांचे उपचार सुरू केले. अणुबॉम्बचा घाव सोसलेल्या राष्ट्राने अणुविज्ञानालाच आरोग्यसेवेत उतरवले, यातून आपण शिकावे असे बरेच काही आहे. आजवर जगभरात तीन लाखांहून अधिक रुग्णांवर कण-उपचार झाले आहेत. डॉ. जॉन लॉरेन्स १९९१ मध्ये निवर्तले. लोमा लिंडाचा आरंभ त्यांच्या हयातीत झाला होता.

आपल्या देशाचा या इतिहासाशी धागा जुना आहे. मेघनाद साहा यांचे शिष्य बासंतीदुलाल नागचौधुरी बर्कलेला एर्नेस्ट लॉरेन्स यांच्या हाताखाली शिकले आणि कोलकात्यात सायक्लोट्रॉन उभारण्याच्या कामी लागले. इकडे महाराष्ट्रात, लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या आणि त्या दुःखातून मुंबईच्या परळ भागात टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आले. कर्करोगाच्या उपचारात किरणांचे स्थान किती मोठे होणार आहे, हे डॉ. होमी भाभा यांच्या दूरदृष्टीने ओळखले होते.

किरणोपचारतज्ज्ञ डॉ. केतायून दिनशॉ यांनी १९९५ पासून २००८ पर्यंत या केंद्राची धुरा वाहिली. त्यांच्याच काळात नवी मुंबईतील खारघरचा संशोधन परिसर आकाराला आला. भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेले ‘भाभाट्रॉन’ हे स्वदेशी कोबाल्ट यंत्रही त्याच काळात खारघरला प्रथम बसले. परदेशी यंत्रांच्या मानाने स्वस्त असलेल्या या यंत्राने पुढे देशातील अनेक रुग्णालयांत काम केले आणि परदेशातही ते गेले. प्रोटॉनच्या झगमगाटात या साध्या यंत्राचे मोल विसरू नये.

भारतात प्रोटॉन उपचार प्रथम आले ते २०१९ मध्ये, चेन्नईच्या एका खासगी रुग्णालयात. आणि २०२३ मध्ये खारघरच्या परिसरात राष्ट्रीय हेड्रॉन बीम उपचार केंद्र राष्ट्राला अर्पण होऊन रुग्णांवर उपचार सुरू झाले. दोनशे टनांहून जड सायक्लोट्रॉन, रुग्णाभोवती फिरणारी अजस्र चाके, आणि त्या साऱ्याच्या टोकाला पेन्सिलीइतका बारीक किरण. हे यंत्र परदेशी बनावटीचे आहे. ते चालवणारे डॉक्टर, भौतिकतज्ज्ञ आणि तंत्रज्ञ आपले आहेत. बर्कलेच्या विद्येचा प्रवास ऐंशीहून अधिक वर्षांनी आपल्या राज्यातील सरकारी संस्थेपर्यंत पोहोचला.

आता मूळ प्रश्न. शेत विकून प्रोटॉनकडे जावे का?

ज्यांना याचा खरा लाभ आहे ते रुग्ण कोण, ते आधी पाहू. पहिला मान लहान मुलांचा. मुलाचा मेंदू, पाठीचा कणा, हाडे वाढत असतात. मेंदूच्या गाठीसाठी पाठीच्या कण्यावर क्ष-किरण दिले तर ते पुढे हृदय, फुप्फुस, पोटापर्यंत जातात. प्रोटॉन कण्यापाशी थांबतो. बरे झालेल्या मुलाला पुढे साठ-सत्तर वर्षे जगायचे असते, म्हणून हे थांबणे त्याच्यासाठी अनमोल. दुसरे, डोळ्यातील काही गाठी. तिसरे, कवटीच्या तळाच्या किंवा मणक्याच्या अशा गाठी, जेथे दृष्टीची नस किंवा मज्जारज्जू अगदी खेटून आहे. चौथे, पूर्वी किरणोपचार झालेल्या जागी पुन्हा तो द्यायची वेळ आलेले काही रुग्ण.

बाकीच्या पुष्कळ रुग्णांचे काय? त्यांच्यासाठी आजची क्ष-किरण यंत्रे, म्हणजे लिनिअर ॲक्सिलरेटर, अतिशय नेमकी झाली आहेत. पुरुषांच्या प्रोस्टेटच्या कर्करोगात प्रोटॉन आणि आधुनिक क्ष-किरण यांची तुलना करणाऱ्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. रोगावरचा ताबा आणि आतड्यांवरील दुष्परिणाम या दोन्ही बाबतींत दोघांत लक्षणीय फरक आढळला नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तर आत ठेवून दिला जाणारा किरणोपचार, ज्याला ब्रॅकीथेरपी म्हणतात, तो उपचाराचा आवश्यक भाग आहे. नवे आणि महाग ते प्रत्येकाला हितकर, हे समीकरण जॉन लॉरेन्स आणि रॉबर्ट स्टोन यांच्या आयुष्यानेच खोटे ठरवले आहे.

म्हणून डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. माझ्या माणसाची गाठ अशी आहे का, की जेथे किरण थांबण्याचा खरा फायदा होईल? जवळच्या केंद्रात मिळणाऱ्या उपचाराने बरे होण्याची शक्यता याहून कमी आहे का? आणि मोठ्या केंद्राच्या वेळेची वाट पाहण्यात रोग वाढण्याचा धोका किती? ज्याला गरज आहे त्याने अवश्य जावे, आणि जमिनीला हात लावण्यापूर्वी सरकारी केंद्राची व मदतनिधीची वाट धरावी. ज्याला गरज नाही त्याने सावकाराचे दार ठोठावू नये. आपल्या जवळ काय आहे ते तरी पाहा. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे. सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. डॉ. आबाजी थत्ते यांच्या नावाच्या संस्थेने जामठा येथे उभारलेली राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे.

आणि आता जरा कटू बोलतो. सर्वांत महागडा किरणही उशिरा आलेल्या रुग्णापुढे हतबल असतो. आपल्या विदर्भात पानठेल्यावर खर्रा घोटला जातो. सुपारी, तंबाखू, चुना. पंधरा वर्षांचा पोरगा तो गालात धरतो. तंबाखू कर्करोगकारक आहेच, पण नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, हे जागतिक पातळीवर सिद्ध झालेले आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. बंदी कागदावर आणि खर्रा गालात, ही स्थिती कायदा एकटा बदलू शकत नाही. तोंड उघडेनासे होणे, पांढरा चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेला व्रण. स्तनात लागलेली गाठ. पाळी गेल्यानंतर पुन्हा दिसलेला रक्तस्राव. एवढ्या खुणा प्रत्येक घराला ठाऊक असल्या, तरी कितीतरी जीव वाचतील. तपासणीला पैसे थोडे लागतात. लाज सोडावी लागते आणि वेळ काढावा लागतो.

कार्यकर्त्याचे काम येथेच सुरू होते. सायक्लोट्रॉन आपण बांधू शकत नाही. पण माउलीबरोबर सेवाग्रामला जाऊन रांगेत उभे राहणे, योजनेची कागदपत्रे पुरी करून देणे, उपचाराच्या मधल्याच आठवड्यात ‘आता बरे वाटते’ म्हणून घरी परतलेल्या रुग्णाला पुन्हा रुग्णालयात पोहोचवणे, हे आपल्या हातचे आहे. किरणोपचार रोज, ठरल्या दिवसांत, पुरता व्हावा लागतो. मध्येच सोडला तर त्याचा परिणाम घटतो. ज्या घरात कर्करोग येतो तेथे लोक पुष्कळदा जाणे टाळतात. हा रोग स्पर्शाने पसरत नाही, हे सांगण्यासाठी तरी त्या घरी जाऊन चहा घ्यावा.

जॉन लॉरेन्स यांच्या पन्नास-साठ वर्षांच्या साधनेतून मला उमगलेले एवढेच आहे. शक्ती मिळवणे हे अर्धे काम. ती कुठे थांबवायची हे कळणे हे उरलेले अर्धे. त्यांनी शक्तिमान किरण हाताळले, पण आधी अपाय मोजला, आणि हानी दिसली तेव्हा ती लपवली गेली नाही. म्हणूनच खारघरच्या केंद्रात एखाद्या बालकाच्या मेंदूतील गाठीपाशी तो किरण आज नेमका थांबतो. आपण त्या बालकापर्यंत वेळेवर पोहोचलो, शेजारच्या घरातले रडणे ऐकून आत जाऊन विचारते झालो, तर एकचक्रेच्या या भूमीचा वारसा सांगण्याचा आपल्याला अधिकार राहील.